डिस्प्यूट म्हणजे भांडण नव्हे

माताऊला, सावाई
४ मे

प्रिय सिएनी,

तू माझे फोन घेत नाहीस हे माझ्या लक्षात आलं आहे. आधी वाटलं, तुझ्या त्या वृद्धाश्रमात रात्रपाळ्या चालू असतील. मग तुमच्या चर्चच्या कुणीतरी टाकलेल्या व्हिडिओत तू पहिल्या रांगेत नाचताना दिसलीस, चांगली दमलेली वगैरे अजिबात नव्हतीस. म्हणून हे पत्र. आपल्या पाद्रींची सून परवा ब्रिस्बेनला निघाली आहे, तिच्या सामानात कोकोच्या पिशवीबरोबर हेही घालते. पत्र वाचलं नाहीस तरी कोको ठेवून घे. आईने स्वतः भाजलाय.

रोपातीने तुला काय सांगितलं असेल ते मी ओळखू शकते. "वालासीने आपल्या आईवर, स्वतःच्या आत्यावर केस टाकली." तुझा भाऊ कुठलीही गोष्ट दोनदा सांगतो आणि दुसऱ्यांदा ती दुप्पट मोठी होते. केस नाही सिएनी, अर्ज आहे. आजोबांचं प्रमुखपदाचं नाव कोणाला द्यायचं हे आपल्या घरात ठरत नाही, तर कोर्टाने ठरवून द्यावं, असा साधा अर्ज. तो मी लिहिला आणि बाबांनी सही केली. त्यात मी 'डिस्प्यूट' हा शब्द वापरला, आणि त्यावरूनच एवढं रामायण झालंय असं दिसतं.

रामायण म्हणजे काय ते तू विचारशील. आमच्या विद्यापीठात शेजारच्या खोलीत सुवाची एक भारतीय मुलगी होती, तिचा शब्द आहे.

तर मी इंग्रजीची शिक्षिका आहे, एवढं तरी मला समजावू दे. इंग्रजीत भांडणाला खूप शब्द आहेत, आपल्याकडे माशांना असतात तसे. क्वारल म्हणजे ज्यात आवाज चढतात, टोपल्या आपटतात, कोणीतरी रडत शेजारी जातं. आर्ग्युमेंट त्याहून बरं, पण त्यातही माणसं तापतात. डिस्प्यूट तसा नाही. एकच गोष्ट दोघांना दोन प्रकारे दिसते आणि ते तिसऱ्याला विचारतात, बस. हा शब्द करारांत असतो, देशादेशांच्या कागदांत असतो. इस्त्री केलेला शब्द आहे. त्यात राग नाही, शिवी नाही. मी मुद्दाम तोच निवडला, कारण आत्याबद्दल माझ्या मनात तसलं काही नाही.

आणि मी काय करायला हवं होतं, तूच सांग. आजोबा गेल्यापासून ते नाव मोकळं आहे. गावसभेत आपल्या घराण्याच्या खांबाशी कोणी बसत नाही, बाकीचे प्रमुख त्या खांबाकडे बघतात आणि नजर वळवतात. बैठका होतात. सगळे येतात, कोको पितात, बोलतात. अर्धे म्हणतात इआकोपोला, म्हणजे बाबांना द्या, अर्धे म्हणतात फुआतिनोच्या, म्हणजे आत्याच्या रोपातीला द्या. शेवटी सगळे आत्याकडे बघतात, कारण घरातली थोरली बहीण मान हलवेपर्यंत काही ठरत नाही. आणि आत्या म्हणते, "अजून नाही." का नाही, ते सांगत नाही. पुढच्या बैठकीला पुन्हा कोको.

बाबा त्या बैठकांत कसे बसतात ते तू पाहिलं आहेस. स्वतःसाठी एक शब्द काढत नाहीत. त्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं होतं की नाही? घरात एकच मुलगी पदवीपर्यंत शिकली, ती कशासाठी?

आत्या सध्या रोपातीकडे सालेउआला राहायला गेली आहे. तिथे वारा बरा असतो.

तुझी
वालासी

◆

माताऊला
२१ मे

प्रिय सिएनी,

पाद्रींची सून म्हणाली की तिने पिशवी तुझ्या हातात दिली. म्हणजे पत्रही मिळालं असणार.

काल अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर तोच शब्द लिहिला. अभ्यासक्रमात आहे, मी मुद्दाम काढला नाही. अर्थ सांगितला आणि म्हटलं, वाक्य करा. पेटाने हात वर केला. "माय ग्रँडमदर हॅज अ डिस्प्यूट विथ द हेन." वर्ग पाच मिनिटं हसत होता. मी विचारलं, कोंबडीची बाजू कोण मांडणार? तर म्हणे, "मिस, कोंबडी स्वतःच मांडते, रोज पहाटे." मीही हसले. मग मागच्या बाकावरच्या तालिलेइने विचारलं, अगदी साधेपणाने, "मिस, तुमच्या घरात आहे तो हाच ना? मग त्यात दुसरी बाजू कोण?"

मी म्हटलं, पान चाळीस उघडा.

तुला सरळच सांगते, आत्या वाऱ्यासाठी गेलेली नाही. तिने पातेली नेली, आजीचा फ्रेममधला फोटो नेला, आणि पलंगही नेला. रोपाती ट्रक घेऊन आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "नमस्कार, वकीलसाहेब." मी म्हटलं, मी वकील नाही. तो म्हणाला, "ते तर आणखी वाईट."

रविवारी आई भट्टीवरचं जेवण काढत होती. बाबांनी नेहमीप्रमाणे पहिली टोपली आत्यासाठी भरली. तारोचा चांगला कंद निवडला, नारळाच्या दुधातली अळूची पानं ठेवली, आणि तिच्या रिकाम्या घरात नेऊन ठेवून आले. आई म्हणाली, "कोणाला वाढलंत? खांबांना?" संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेपर्यंत कुत्र्यांनी टोपली संपवली.

सोमवारी कोर्टाचा हुकूम आला. निकाल लागेपर्यंत नावाबद्दल घराण्याची कुठलीही बैठक घ्यायची नाही, कुठलाही विधी करायचा नाही. हे नेहमीचंच असतं, गोष्टी आहेत तिथेच थांबाव्यात म्हणून. मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बोलायचं नाही?"

"नावाबद्दल नाही, बाबा."

"मग फुआशी मी कशाबद्दल बोलू?"

मग त्यांनी अर्जाची प्रत मागितली. म्हणाले, "वाच, पोरी."

"इंग्रजीत आहे."

"आपल्या भाषेत वाच. एवढी शिकलीस."

मी वाचायला लागले. आजोबांचं नाव, गावाचं नाव, सगळं नीट चाललं होतं. पहिली बाजू, इआकोपो. मग पुढची ओळ मी घाईने इंग्रजीतच वाचली. बाबा म्हणाले, "हं, ते आपल्या भाषेत."

सिएनी, इंग्रजीत ती ओळ लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नव्हता. अर्जात दोन बाजू लागतात, एक बाबा, तर दुसरी कोण, म्हणून लिहिलं. आता बाबांच्या तोंडाकडे बघून आपल्या भाषेत ते माझ्या जिभेवर येईना. शेवटी म्हटलं, "दुसरी बाजू, फुआतिनो."

"कोणाची दुसरी बाजू?"

"तुमची, बाबा."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला. मग म्हणाले, "यावर मी सही केली?" मी मान हलवली. ते उठून किनाऱ्यावर गेले. होडी पाण्यात ढकलली नाही, वाळूतच तिच्यात बसून राहिले. समोरून जाणाऱ्या लोकांनी विचारलं, मासे मिळाले का? तेव्हा त्यांनी हात हलवला.

आजी आपल्याला सांगायची ते आठवतं ना? भावाने बहिणीसमोर आवाज चढवायचा नाही, तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, आणि तिच्या मनातून उतरलेल्या भावाच्या जाळ्यात मासा येत नाही. आपण दोघी चादरीत तोंड घालून हसायचो. मी अजूनही त्यावर विश्वास ठेवत नाही. पण बाबा ठेवतात.

वालासी

◆

माताऊला
१३ जून

सिएनी,

तू बोलत नसलीस तरी जे घडतंय ते तुला माहीत असायला हवं, म्हणून लिहिते.

मी अर्ज मागे घ्यायला गेले होते. शाळेतून रजा काढली, पहिली बोट पकडून पलीकडच्या बेटावर गेले. कोर्टाच्या ऑफिसात खिडकीशी एक जाडजूड बाई बसल्या होत्या, कानामागे लाल फूल, समोर कागदात तळलेले गोड गोळे. मी म्हटलं, अर्ज मागे घ्यायचाय. त्या म्हणाल्या, "टाकताना पण घाई आणि काढताना पण घाई. बस, आधी एक खा."

मी खाल्ला. मग त्यांनी कागद काढला. "इथे लिहायचं की डिस्प्यूट मिटला. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या."

"अर्ज तर एकाच बाजूने केला होता."

"मिटवायला दोघं लागतात ना गं. एकटीने मिटवलंस तर दुसरी उद्या येऊन म्हणेल, माझं कुठे मिटलंय?"

"दुसऱ्या बाजूने काहीच केलेलं नाही हो. तिला तर माहीतसुद्धा नव्हतं."

"मग तिला सही करायला कितीसा वेळ लागणार?" असं म्हणून त्यांनी मला आणखी एक गोळा दिला. चांगल्या होत्या त्या. त्यांचं काही चुकलं नाही.

येताना मी बसने थेट सालेउआला गेले. आत्या बाकीच्या बायकांबरोबर केवड्याच्या पात्या सोलत बसली होती. मला बघून कोणी बोलायचं थांबलं नाही, फक्त सगळ्यांचे आवाज एकदम गोड झाले. आत्याने आधी जेवायला घातलं. डब्यातला मासा आणि भाजलेला निरफणस. मी नको म्हटलं तर म्हणाली, "खा. उपाशी पोटी लोक वेडंवाकडं लिहितात."

रोपाती बाजूला नारळ सोलत होता. म्हणाला, "आई, जपून. तिच्या हातचं पाणीसुद्धा वाचल्याशिवाय पिऊ नकोस."

"तू तुझे नारळ बघ," आत्या म्हणाली.

जेवण झाल्यावर मी कागद पुढे केला. सगळं समजावून सांगितलं, या वेळी आपल्या भाषेत. अर्ज रद्द होईल, कोर्टात कोणालाही जावं लागणार नाही, फक्त इथे सही. आत्याने कागद उलटसुलट बघितला.

"यात काय म्हटलंय?"

"की डिस्प्यूट मिटला."

"कोणाचा?"

"तुमचा. म्हणजे... बाबांचा आणि तुमचा."

"मी सही केली तर मी त्यात होते असं होईल."

"कशात, आत्या?"

"तिकडे. त्याच्या समोर." तिने पातीच्या टोकाने दाखवलं, जणू तिथे अंगणात ती जागा होती. "मी माझ्या भावाच्या समोर कधी उभी राहिले नाही, वाला. जिथे मी नव्हते तिथून निघाले असं कसं लिहून देऊ?"

"आत्या, नुसती सही आहे."

"त्यानेही नुसती सहीच केली."

मी तिला म्हटलं की सही झाली नाही तर सुनावणी होईल. अठ्ठावीस जुलै ही तारीख लागली आहे. ती म्हणाली, तारीख काय, लागेलच.

तिला कळलं नसेल असं समजू नकोस. तिला माझ्याहून जास्त कळतं. त्या दिवशी दोन बाकं असतील. एकावर बाबा, एकावर आत्या. आणि मग दोघांनी उभं राहून, आलेल्या सगळ्या लोकांसमोर, आपापली वंशावळ म्हणायची. कोण कोणाचं, कोणाला दत्तक आणलं, कोणाची आई लग्नाची आणि कोणाची नाही. आपल्या घरातल्या ज्या गोष्टी आपल्याला मोठं झाल्यावरही कुजबुजत सांगितल्या, त्या भावाने बहिणीविरुद्ध आणि बहिणीने भावाविरुद्ध मोठ्याने म्हणायच्या. दोघांपैकी एकजण जिंकेल. मग बाबा ते नाव घेऊन कुठे बसतील, आणि कोणासाठी टोपली भरतील?

हे थांबायला हवं सिएनी. मला दुसरं काही नको आता.

वालासी

◆

माताऊला
५ जुलै

सिएनी,

तुझं पत्र नाही. ठीक आहे. हे पत्र गायकांच्या ताफ्याबरोबर येतंय, त्यांच्यातल्या लांब वेणीच्या बाईकडे आहे. तिला उत्तर द्यायचं नसेल तर निदान चहा दे, ती विमानात आजारी पडते.

बाबा म्हणतात, मी चटईखाली बसणार. सालेउआला, आत्याच्या दारासमोर.

मी ओरडलेच. म्हटलं, इफोगा खुनासाठी असते! कोणाची बायको पळवली, कोणाच्या प्रमुखाला मारलं, तर घराणं जाऊन असं पहाटे अंगणात बसतं, डोक्यावरून चटई ओढून, की मारायचं तर मारा, नाहीतर माफ करून चटई उचला. अर्ज केला म्हणून कोणी बसतं का? आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तू काय केलंस असं तुला वाटतं?"

मी म्हटलं, मी एक शब्द वापरला. जगात सगळीकडे वापरतात तो.

"जगात सगळीकडे तुझी आत्या नाही," आई म्हणाली.

मी बाबांना नीट समजावायचा प्रयत्न केला. चटई उचलायची असते ती समोरच्या बाजूने, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने. आत्याने चटई उचलली तर ती समोरची बाजू झाली. तेच तर तिला नकोय. म्हणजे ती उचलणार नाही. आणि उचलली नाही, तर तुम्ही ऊन चढेपर्यंत सगळ्या गावासमोर बसून राहाल आणि तसेच उठून घरी याल. त्यानंतर काय उरेल? मला अजूनही वाटतं की माझं म्हणणं बरोबर होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाला, आता तू माझ्यासाठी बोलू नकोस."

ते रागावले नव्हते. त्यापेक्षा रागावले असते तर बरं होतं.

गावात मला कोणी काही म्हणत नाही. दुकानात माझ्या आधी आलेल्या बायका मला पुढे जाऊ देतात, पाहुण्याला देतात तसं. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, घरचं निवांत होईपर्यंत आठवीचे वर्ग घ्या, अकरावीची मुलं फार प्रश्न विचारतात.

तू माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण तुझ्या आईला फोन कर. एवढंच म्हण की चटई उचल. तुझं ती ऐकते. बाबांना रात्री दम लागतो आता, आणि त्या चटईखाली हवा नसते.

वालासी

◆

माताऊला
१९ जुलै

प्रिय सिएनी,

तू फोन केलास की नाही मला माहीत नाही. आत्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गुरुवारी आम्ही गेलो. काकांच्या ट्रकमधून, दिवे न लावता, जसं जायचं असतं तसं. आई, दोन काका, काकू. बाबांनी अंगणात मधोमध मांडी घातली. काका चटई उलगडत होते, घरातली सगळ्यात बारीक विणीची. मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. बाबा म्हणाले, "तू मागे." मी म्हटलं, अक्षर माझं होतं. काकांनी आमच्या दोघांवरून चटई ओढली.

आत नुसता केवड्याचा वास आणि बाबांचा श्वास. विणीतून बारीक उजेड यायला लागला तसं अंगण जागं झालं. कोणीतरी झाडत होतं ते थांबलं. पोरं कुजबुजली. मग रोपातीचा आवाज, "आई! बाहेर ये. बघ कोण आलंय." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, ते मला तुला सांगायचंय.

आत्याची पावलं आली. आमच्या समोर थांबली. मला चटईच्या कडेखालून तिचे अंगठे दिसत होते. मी मनात म्हटलं, उचल. पावलं थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली.

ऊन चढलं. शाळेची घंटा झाली, पोरं गेली. मागे आई मोठ्याने प्रार्थना म्हणत होती आणि मधेमधे देवाला टोमणे मारत होती. बाबांच्या मानेवरून घाम माझ्या हातावर पडत होता. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी म्हटलं, "बाबा, थोडी कड वर करू का?" ते म्हणाले, "आपण नाही करायची."

रोपाती म्हणत होता, "आई, त्यांना काहीतरी होईल. उचल, नाहीतर मी उचलतो." आत्या म्हणाली, "तू हात लावून बघ."

मग पुन्हा पावलं. या वेळी ती समोर नाही, बाजूने आली. चटईची कड हलली, आणि डोकं खाली घालून, गुडघ्यांवर, कण्हत कण्हत तुझी आई आत आली. "सरक, वाला," म्हणाली. "माझा गुडघा."

मी कशीतरी मागे सरकले. सिएनी, तुला माहीत आहे, वयात आल्यापासून ती दोघं एका चटईवर बसलेली नाहीत, आपल्याकडे कोणीच भाऊबहीण बसत नाहीत. आणि आता एका चटईखाली, गुडघ्याला गुडघा. बाबांनी तोंड फिरवलं.

"फुआ, हे काय करतेस? उचलायची असते."

"उचलून कुठे उभी राहू? बाहेर? मी काय शेजारीण आहे?"

"लोक बघताहेत."

"त्यांना काही दिसत नाही. चटई आहे वर." मग तिने कमरेच्या कापडाच्या टोकाने त्यांची मान पुसली. "तुला हवंय का ते नाव?"

बाबांनी मान आणखी खाली घातली.

"प्रत्येक बैठकीला मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू कोकोत बघत होतास. मी म्हटलं, अजून नाही. हा स्वतः मागेल तेव्हा. आणि तू काय केलंस? पोरीकडून मागितलंस, तेही गोऱ्यांच्या भाषेत, आणि माझ्याकडे नाही, कोर्टाकडे."

"मी कसं मागणार होतो? तुला रोपातीसाठी हवं असेल तर?"

"रोपाती! तो बोलायला लागला की पाद्री घड्याळ बघतात."

बाहेर रोपाती म्हणाला, "मला ऐकू येतंय."

"येऊ दे," आत्या म्हणाली. "इआकोपो, सभेत त्या खांबाशी बसून बोलावं लागतं. एक बोलत नाही आणि दुसरा थांबत नाही, मी कोणाला देऊ?"

बाबांना दम लागला होता. दोनदा तोंड उघडून त्यांनी मिटलं. मी बोलणार होते. खरंच, माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी दात आवळून धरले.

"मला हवंय, फुआ."

"काय?"

"मला हवंय! बाबांच्या मागे बसून मीच त्यांची होडी वल्हवली, मीच त्यांच्यासाठी सभेत निरोप नेले. रोपाती चांगला आहे, पण तो आपल्या गावात वाढलेला नाही. मला हवंय, आणि तू नाही म्हणालीस तर मी नाही घेणार, पण मला हवंय."

मागची प्रार्थना थांबली होती.

"हं," आत्या म्हणाली. "होडीचं म्हणशील तर अर्धा वेळ ती मी वल्हवली. तू होडीतच झोपायचास."

"कधी झोपलो?"

आणि तिथून ती दोघं सुरू झाली. कोण झोपायचं, कोणी जाळं फाडलं, आजोबांनी मरताना कोणाचा हात धरला होता. बाबांनी आत्याचं बोलणं तोडलं, आत्याने बाबांचं. मी त्या दोघांच्यामध्ये वितळत होते. नंतर आत्याला गुदमरायला लागलं तेव्हा तिने एका हाताने चटई मागे टाकली, बोलणं न थांबवता. बाहेर सगळे उभे होते. रोपातीने मामासाठी पाणी आणलं, आधी त्याला दिलं, मग आपल्या आईला. मला तांब्या नंतर दिला, पण दिला.

यातून काय ठरलं असं तू विचारशील तर काही नाही. सह्या झालेल्या नाहीत. आत्या म्हणते, अठ्ठावीसला बाबांबरोबर एकाच बोटीने कोर्टात जाणार आणि त्यांच्याच बाकावर बसणार, दुसऱ्या बाकावर कोणाला बसवायचं ते कोर्टाने बघावं. न्यायाधीश काय म्हणतील मला माहीत नाही. बैठक घेऊ नका असा हुकूम होता आणि ही बैठक होती की नव्हती, हेही मला माहीत नाही. पलंग अजून सालेउआलाच आहे. ट्रक मिळाला की येते म्हणाली, मग म्हणाली गुडघा बरा झाला की.

माझ्याशी ती फार बोललेली नाही. निघताना म्हणाली, "तुझं नंतर." मी त्या 'नंतर'ची वाट बघते आहे, घाबरतच.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. जेवताना बाबा म्हणाले की आता सगळ्यांनी आपलं म्हणणं सांगून झालंय. आत्या म्हणाली, "सगळ्यांनी कुठे? सिएनीने काय म्हटलंय?" बाबा म्हणाले, "तिला कोणी विचारलं?" मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

म्हणून विचारते. मामाला द्यावं, की तुझ्या भावाला? आजोबांच्या नातवंडांत तू सगळ्यात थोरली आहेस आणि इतके दिवस तुझं मत कोणी घेतलंच नाही, मीही नाही. अर्जातसुद्धा तुझं नाव नव्हतं. हो म्हण, नाही म्हण, दोघांपैकी कोणीच लायक नाही म्हण. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्या आधी घाल की शेवटी, ते तू ठरव. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवणार आहे, एकही ओळ न गाळता.

वालासी